पेनड्राइव्ह नव्या लॅपटॉपवर चालतो, जुन्यावर अडतो: दोष कुठे शोधायचा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर इथेच कळेल. वडिलांचा २०१० सालचा लॅपटॉप आहे. पहिल्या पिढीचा आय-३, रॅम ४ जीबी, विंडोज ७ अजूनही सुरू होतं. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची आहे. भाच्याने पेनड्राइव्ह तयार करून दिला आणि त्याच्या नव्या लॅपटॉपवर तो व्यवस्थित चालला. वडिलांच्या लॅपटॉपवर मात्र बूट मेन्यूत (मशिन कशावरून सुरू करायचं ते विचारणाऱ्या यादीत) पेनड्राइव्हचं नाव दिसतं, ते निवडून एन्टर मारलं की काळ्या पडद्यावर वर डाव्या कोपऱ्यात एक रेघ लुकलुकत राहते, आणि कितीही वेळ थांबलं तरी तिथून पुढे सरकत नाही. दुकानात दाखवला तर "मदरबोर्डचं काम आहे" असं उत्तर मिळालं.

मदरबोर्डवर एक रुपयाही घालू नका, निदान आत्ता तरी. विंडोज रोज सुरू होतं, बूट मेन्यू उघडतो, त्यात पेनड्राइव्हचं नाव येतं. याचा अर्थ मदरबोर्ड, रॅम आणि तो यूएसबी पोर्ट आपापलं काम करताहेत. माझा संशय पेनड्राइव्हवर आहे. तो भाच्याच्या लॅपटॉपवर चालला म्हणून तुम्ही त्याला निर्दोष सोडलंत, आणि माझ्याकडे येणारे बहुतेक लोक नेमके इथेच फसतात. नव्या लॅपटॉपवर केलेली चाचणी जुन्या लॅपटॉपबद्दल फारसं काहीच सांगत नाही.

याचं कारण असं. लॅपटॉप सुरू होण्याच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत. जुनी पद्धत बायोसची, म्हणजे मदरबोर्डवरच्या, मशिन सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमची, १९८१ च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेली. बायोस पेनड्राइव्हच्या अगदी पहिल्या सेक्टरमधले, म्हणजे साठवणुकीच्या पहिल्या छोट्या तुकड्यातले, ५१२ बाइट वाचतो. त्यातले पहिले ४४६ बाइट म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, पुढचे ६४ बाइट म्हणजे चार पार्टिशनांचा (साठवणुकीच्या भागांचा) तक्ता आणि शेवटचे दोन बाइट म्हणजे एक ठरलेली खूण. खूण जागेवर असली की बायोस त्या प्रोग्रॅमच्या हाती मशिन सोपवतो आणि बाजूला होतो. पेनड्राइव्हवर कोणत्या फाइली आहेत, फोल्डर कोणते, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. नवी पद्धत यूईएफआयची, म्हणजे बायोसची जागा घेणाऱ्या नव्या प्रोग्रॅमची. ती पेनड्राइव्हवरचं फॅट३२ फॉरमॅट वाचू शकते, ईएफआय नावाच्या फोल्डरमधल्या बूट फोल्डरात जाते आणि तिथली ठरलेल्या नावाची फाइल चालवते. पहिल्या सेक्टरमधल्या त्या प्रोग्रॅमची तिला गरजच पडत नाही.

म्हणजे एकाच वाड्याला पुढचं दार आणि परसदार असावं तसं हे आहे. भाच्याचा लॅपटॉप पुढच्या दाराने आत गेला. तुमच्या वडिलांचा लॅपटॉप फक्त परसदाराने जाऊ शकतो, आणि या पेनड्राइव्हला बहुधा परसदार बांधलेलंच नाही.

पेनड्राइव्ह कसा बनवला ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे. भाच्याला एवढंच विचारा: आयएसओ फाइलवर (मिंटची पूर्ण इमेज ज्या एका फाइलमध्ये मिळते तिच्यावर) डबल क्लिक करून आतल्या फाइली पेनड्राइव्हवर कॉपी केल्यास का? हल्ली बरेच जण असंच करतात, कारण नव्या मशिनवर ते खरोखर चालतं. फॅट३२ पेनड्राइव्हवर योग्य फोल्डरात योग्य फाइल आली की यूईएफआय खूश. पण कॉपी करताना पहिल्या सेक्टरला कोणी हात लावत नाही. तिथे पेनड्राइव्ह कारखान्यातून आला तेव्हाचं जे असेल ते राहतं: कधी रिकामं, कधी निरुपयोगी. शेवटचे दोन बाइट मात्र बरोबर असतात, म्हणून बायोस विश्वासाने तिकडे उडी मारतो आणि तिथेच लटकतो. लुकलुकणारी रेघ ती हीच.

रूफस या पेनड्राइव्ह बनवण्याच्या प्रोग्रॅमने बनवला असेल आणि पार्टिशन स्कीममध्ये जीपीटी (तक्ता मांडण्याची नवी पद्धत) निवडलं असेल, तर निकाल तोच, पण लक्षण वेगळं. रूफसच्या हल्लीच्या आवृत्त्या असा पेनड्राइव्ह जुन्या पद्धतीने सुरू करायला गेलात तर पडद्यावर इंग्रजीत स्पष्ट लिहून सांगतात की हा फक्त यूईएफआयवर चालेल. तुम्हाला तसा मजकूर दिसला नाही, म्हणून माझा कौल कॉपी-पेस्टच्या बाजूने.

आता करायचं काय. हे काम घरी बसून होण्यासारखं आहे, फक्त त्याआधी एक गोष्ट. विंडोज ७ सुरू होतंय तोवर वडिलांचे फोटो, कागदपत्रं, ब्राउझरमधले पासवर्ड असं सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्या. मिंट टाकताना पूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय चुकून एन्टर मारण्याइतका जवळ असतो.

मग छोटा पेनड्राइव्ह शोधा. ड्रॉवरमध्ये पडलेला जुना ८ जीबीचा, यूएसबी २ चा असेल तर सोन्याहून पिवळं. मिंटची इमेज साधारण ३ जीबीची असते, त्यामुळे तो पुरतो. २०१० च्या आसपासचे काही बायोस ६४ किंवा १२८ जीबीच्या पेनड्राइव्हवर अडखळतात. सगळे नाही, पण ही शक्यता फुकटात निकालात काढता येते. रस्त्यावर स्वस्तात मिळणारे, वर मोठा आकडा छापलेले पेनड्राइव्ह तर या कामाला वापरूच नका. त्यांतल्या कित्येकांची खरी क्षमता छापलेल्या आकड्याच्या जवळपासही नसते, फाइली कॉपी झाल्यासारख्या दिसतात आणि वाचताना कचरा निघतो.

रूफसमध्ये आयएसओ निवडा, पार्टिशन स्कीम एमबीआर (पहिल्या सेक्टरमधल्या तक्त्याची जुनी पद्धत) ठेवा, फाइल सिस्टिम फॅट३२. प्रगत पर्यायांत जुन्या बायोससाठीच्या दुरुस्त्या जोडणारी चौकट दिसली तर तिथे टिक करा. काही जुन्या बायोसना पार्टिशनचा तक्ता विशिष्ट मोजमापात मांडलेला लागतो, आणि ती चौकट तेच करते. स्टार्ट दाबल्यावर आयएसओ पद्धत की डीडी पद्धत असं विचारलं जाईल. आधी आयएसओ पद्धत. तीही चालली नाही तर पुन्हा बनवताना डीडी. त्यात इमेज जशीच्या तशी, बाइटला बाइट उतरते. हे सगळं वडिलांच्याच लॅपटॉपवर करणार असाल तर रूफसची ४ किंवा त्यापुढची आवृत्ती विंडोज ७ वर चालणार नाही, ३.२२ घ्यावी लागेल.

माझ्या दुकानात मी स्वतः व्हेंटॉय हा प्रोग्रॅम वापरतो. एकाच पेनड्राइव्हवर हव्या तितक्या आयएसओ टाकता येतात आणि तो दोन्ही पद्धतींनी सुरू होतो. पण हट्टी जुन्या मशिनपुढे मी आधी साधा रूफसचा पेनड्राइव्ह धरतो. जितके टप्पे कमी तितकी संशयाची जागा कमी.

पेनड्राइव्ह पॉवर बटण दाबण्याआधीच लावलेला असू द्या. अनेक जुने बायोस सुरुवातीलाच एकदा यादी करतात, नंतर लावलेलं त्यांना दिसत नाही. पोर्ट दोन्ही बाजूंचे बदलून पाहा आणि मध्ये यूएसबी हब लावू नका. त्या पिढीच्या इंटेल चिपसेटमध्ये यूएसबी ३ नव्हतंच. कुठे निळा पोर्ट असेल तर तो कंपनीने वेगळी चिप लावून दिलेला असतो, आणि अशा पोर्टवरून बायोसला बूट करता येईलच असं नाही. काळा पोर्ट वापरा.

बायोसच्या सेटिंगमध्येही एकदा डोकावून या. तुमच्या बाबतीत बूट मेन्यूत नाव येतंय, म्हणून हा भाग बहुधा ठीक आहे, पण ज्यांना नावच दिसत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या बायोसला पेनड्राइव्ह हार्ड डिस्कचाच एक प्रकार वाटतो. त्यामुळे मुख्य यादीत तो शोधून सापडत नाही. "हार्ड डिस्क ड्राइव्ह्ज" नावाच्या आतल्या उपयादीत शिरून तिथे त्याला वर आणावं लागतं, आणि तेही तो लावलेला असतानाच. फीनिक्स कंपनीच्या काही बायोसमध्ये नावापुढे उद्गारचिन्ह असतं, म्हणजे ते उपकरण बंद ठेवलेलं आहे; शिफ्ट आणि १ दाबलं की चालू होतं. यूएसबी लेगसी सपोर्ट चालू हवा. क्विक बूट किंवा फास्ट बूट असेल तर तात्पुरतं बंद करा.

तारीख-वेळ बरोबर आहे का तेही तिथेच बघा. पंधरा वर्षांत आतला छोटा सेल, ३ व्होल्टचा सीआर२०३२, बहुतेक मशिनांत संपलेला असतो. तो संपला की चार्जर आणि बॅटरी दोन्ही काढल्यावर बायोस सगळं विसरतो, आणि तुम्ही लावलेला बूट क्रम पुढच्या वेळी जागेवर नसतो. लोक म्हणतात, "काल चाललं होतं, आज नाही." बऱ्याचदा कारण हा सेलच. पण लॅपटॉपमध्ये तो अनेकदा प्लास्टिकच्या वेष्टणात, दोन वायरी जोडून येतो. तसा असेल तर घड्याळाच्या दुकानातला सुटा सेल बसणार नाही, वायरीसकट घ्या.

आता समजा हे सगळं केलं आणि पडद्यावर काहीतरी वेगळं दिसू लागलं. ही चांगली बातमी आहे, जरी मिंट सुरू झालं नसलं तरी. "पेनड्राइव्हवरून बूट होत नाही" ही तक्रार एकच वाटते, पण त्या वाटेवर बरेच टप्पे आहेत आणि मशिन कुठवर पोचलं ते पडदा सांगतो. मेन्यूत नावच नाही, तर बायोस किंवा पोर्ट. नाव आहे पण नुसती रेघ, तर पहिला सेक्टर. मिंटचा मेन्यू दिसला आणि त्यानंतर काळोख झाला, तर पेनड्राइव्हला दोष देणं थांबवा. आता प्रश्न ग्राफिक्सचा आहे. मिंटच्या मेन्यूत कम्पॅटिबिलिटी मोड नावाचा पर्याय असतो, तो निवडा. तुमच्या आय-३ च्या आतल्या इंटेल ग्राफिक्सला त्याची गरज सहसा पडत नाही, पण सोबत वेगळी एनव्हिडियाची किंवा एएमडीची चिप असेल तर पडू शकते. मेन्यूनंतर वाचनाच्या चुकांच्या ओळी धडाधड सरकू लागल्या, तर इमेज अर्धवट उतरलेली आहे किंवा पेनड्राइव्ह खराब आहे. मिंटच्या मेन्यूतच इंटेग्रिटी चेक आहे, तो चालवा. वर्तुळ फिरतंय आणि फिरतच राहतंय, तर माझा संशय हार्ड डिस्ककडे वळतो.

हार्ड डिस्कबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण हे कुणी तपासत नाही. जुनी डिस्क मरायला टेकली असेल तर तिच्यावरचं विंडोज रडतखडत सुरू होत राहतं, पण लिनक्स सुरू होताना सगळ्या डिस्कांची चौकशी करतं आणि उत्तर न देणाऱ्या डिस्कपाशी ताटकळतं. काही बायोससुद्धा असेच खोळंबतात. म्हणून माझी आवडती चाचणी: बॅटरी आणि चार्जर काढा, मागचं झाकण उघडून हार्ड डिस्क बाहेर घ्या आणि डिस्कशिवाय फक्त पेनड्राइव्हवर मशिन सुरू करा. त्या काळातल्या बहुतेक लॅपटॉपला डिस्कसाठी वेगळं झाकण असतं, एक-दोन स्क्रूंचं काम. आता मिंट झटकन सुरू झालं, तर दोष डिस्कचा किंवा बूट क्रमाचा. तरीही रेघच लुकलुकत राहिली, तर डिस्क निर्दोष सुटली, पुन्हा पेनड्राइव्हकडे या. डिस्कच गेलेली निघाली तर तिच्या जागी साधी साटा एसएसडी (फिरत्या चकतीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) बसते, आणि या वयाच्या मशिनवर पैसे घालायचेच असतील तर ते तिच्यावरच घाला.

३२-बिट की ६४-बिट, प्रोसेसर आणि सॉफ्टवेअरच्या या जुन्या-नव्या प्रकारांचा गोंधळ तुमच्याकडेही होऊ शकतो. भारतात त्या काळी विंडोज ७ होम बेसिक घातलेले पुष्कळ लॅपटॉप ३२-बिट विंडोजसह विकले गेले. सिस्टिमच्या पानावर "३२-बिट" वाचून लोक ३२-बिट लिनक्स शोधत बसतात. ते विंडोजबद्दल लिहिलेलं असतं. तुमचा आय-३ ६४-बिट आहे, मिंटची नेहमीची इमेज घ्या. मिंट किमान २ जीबी रॅम मागतं आणि ४ जीबी सुचवतं, त्यामुळे मिंटची एक्सएफसीई नावाची आवृत्ती घेतलीत तर वडिलांना हलकी वाटेल. मशिन याहून जुनं असतं, म्हणजे २००६ च्या सुमाराचा कोअर ड्युओ किंवा छोट्या नेटबुकमधला अ‍ॅटम एन२७०, तर मात्र ६४-बिट इमेज मेन्यूपर्यंत येऊन "या कर्नलला एक्स८६-६४ प्रोसेसर लागतो" अशा अर्थाची ओळ दाखवून थांबली असती (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा). उबंटू या दुसऱ्या लिनक्सवर आधारलेल्या मिंटची शेवटची ३२-बिट मालिका १९ होती, आणि डेबियन या आणखी एका लिनक्सने १३ व्या आवृत्तीपासून ३२-बिट इन्स्टॉलर बंद केला. अशा मशिनला डेबियन १२ हा अजून धरण्याजोगा आधार आहे.

मशिन नवं असतं तर उत्तर पुन्हा वेगळं. २०१२ च्या अखेरीस विंडोज ८ आलं आणि त्याच्यासोबत आलेल्या लॅपटॉपमध्ये यूईएफआय आणि सिक्युअर बूट (विश्वासू सही नसलेलं काही सुरू न होऊ देणारी सोय) असतात. तिथे फास्ट स्टार्टअपमुळे "शट डाउन" पूर्ण बंद होत नाही आणि बूट मेन्यूची की पकडता येत नाही. शिफ्ट धरून रीस्टार्ट करावं लागतं. ऑगस्ट २०२४ च्या एका विंडोज अपडेटनंतर काही मशिनांवर जुन्या लिनक्स इमेज "सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन" म्हणत अडू लागल्या होत्या; ताजी इमेज घेणं हा त्यावरचा सोपा मार्ग. २०१३-१४ च्या स्वस्त टॅब्लेटवजा लॅपटॉपांत तर प्रोसेसर ६४-बिट आणि यूईएफआय ३२-बिट अशी विचित्र जोडी होती. तुमच्याकडे यातलं काही नाही, पण इंटरनेटवर शोधताना सिक्युअर बूट बंद करा, सीएसएम (यूईएफआयवर जुनी बायोस पद्धत चालवणारी सोय) चालू करा असले सल्ले ढिगाने सापडतील आणि तुम्ही वडिलांच्या बायोसमध्ये नसलेला पर्याय शोधत बसाल. म्हणून हे लिहिलं.

बायोस अपडेट करा असंही कोणी सांगेल. माझं मत स्पष्ट आहे: करू नका. या वयाच्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा मेलेली असते, आणि अपडेट चालू असताना लाइट गेली तर आज जो लॅपटॉप निदान विंडोज तरी दाखवतोय तो उद्या काहीच दाखवणार नाही. वर, अपडेटने यूईएफआय येईल ही आशाही धरू नका.

त्यापेक्षा डीव्हीडी वापरून पाहा. सीडीवरून बूट करण्याचं एल टोरिटो नावाचं प्रमाण १९९५ सालचं आहे, आणि जुने बायोस त्या बाबतीत यूएसबीपेक्षा कितीतरी भरवशाचे असतात. ४.७ जीबीच्या डीव्हीडीवर मिंट आरामात मावतं. फक्त "बर्न इमेज" करा, आयएसओ नुसती फाइल म्हणून डीव्हीडीवर टाकू नका, आणि वेग कमी ठेवा. लॅपटॉपच्या ड्राइव्हची लेन्स धुळीने आंधळी झाली असेल तर हा मार्ग बंद.

सगळं थकलं तर शेवटचा उपाय: डिस्क काढून दुसऱ्या लॅपटॉपमध्ये बसवा, तिथे मिंट टाका आणि डिस्क परत आणा. बहुतेक ड्रायव्हर कर्नलमध्येच असल्यामुळे लिनक्स असं स्थलांतर सहज पचवतं. मात्र त्या दुसऱ्या मशिनवर इन्स्टॉलर जुन्या, म्हणजे लेगसी पद्धतीने सुरू झालेला हवा, नाहीतर पुन्हा परसदाराचीच बोंब.

थोडक्यात क्रम असा धरा: भाच्याला विचारा, डेटा काढून घ्या, छोटा पेनड्राइव्ह रूफसने एमबीआर ठेवून बनवा, काळ्या पोर्टला लावून मशिन सुरू करा. माझ्या अंदाजाने काम इथेच होईल. नाही झालं तर हार्ड डिस्क काढून बघा, मग डीव्हीडी.

इन्स्टॉल करताना दोन गोष्टींवर नजर ठेवा. डिस्कचे भाग स्वतः पाडायचा पर्याय घेतलात तर बूटलोडर (मिंट सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) कुठे टाकायचा ते विचारलं जातं. तिथे लॅपटॉपची डिस्क निवडा, पेनड्राइव्ह नव्हे. तो पेनड्राइव्हवर गेला तर पेनड्राइव्ह काढल्यावर मिंट सुरू होणार नाही. दुसरी गोष्ट, सगळं सुरळीत होऊनही रीस्टार्टनंतर "नो बूटेबल डिव्हाइस" आलं तर घाबरू नका. डिस्क जीपीटी पद्धतीने विभागलेली असेल आणि तक्त्यातला एकही भाग सक्रिय म्हणून खुणावलेला नसेल, तर काही जुने बायोस तिला बूट करण्याजोगी मानतच नाहीत. पेनड्राइव्हवरून पुन्हा मिंट उघडा, त्यातल्या जीपार्टेड या डिस्कचे भाग पाडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये डिस्कवर एमएस-डॉस प्रकारचा नवा पार्टिशन टेबल बनवा, याने डिस्क पूर्ण पुसली जाते, आणि मग भाग स्वतः पाडून इन्स्टॉल पुन्हा चालवा. तरीही अडलं, तर पडद्यावरची शेवटची ओळ जशीच्या तशी लिहून कळवा. मोबाइलवर फोटो काढून ठेवलात तर उत्तमच.